मोफत वकील मिळवायचा अर्ज: कोणाला, कुठे आणि कोणत्या कागदांवर

उत्पन्नाचा दाखला नाही म्हणजे मोफत वकील मिळणार नाही, हा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. मग आधी तलाठी, नंतर सेतू केंद्र अशा फेऱ्या सुरू होतात आणि तेवढ्यात कोर्टातली तारीख हुकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 चं कलम 12 एकदा नीट वाचलं, तर यातले बरेचसे हेलपाटे वाचतील. मोफत विधी सेवा कोणाला द्यायची याची यादी त्या कलमात आहे, आणि उत्पन्नाची अट त्यातल्या फक्त शेवटच्या गटाला लागते.

पात्र कोण?

पहिल्यांदा स्त्रिया. कोणतीही स्त्री. नोकरी करणारी, नवऱ्याचा बंगला असलेली, माहेर श्रीमंत असलेली, सगळ्याच. कायद्याने तिच्या उत्पन्नाची चौकशी ठेवलेलीच नाही. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, कौटुंबिक हिंसाचार, अशा कुठल्याही दाव्यात ती अर्ज करू शकते. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात तर पोलिसांनी आणि संरक्षण अधिकाऱ्याने पीडित स्त्रीला हा हक्क स्वतःहून सांगायचा, असं लिहिलेलं आहे. किती जण सांगतात, हा वेगळा विषय.

अठरा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, तसंच पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार किंवा औद्योगिक दुर्घटनेत सापडलेले लोकही याच यादीत येतात. अटकेत किंवा तुरुंगात असलेली, सुधारगृहात किंवा मनोरुग्णालयात ठेवलेली व्यक्तीही येते.

यांपैकी कशातच बसत नसाल, तरच उत्पन्न बघितलं जातं. महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असेल तर तुम्ही पात्र. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणासाठी ही मर्यादा 5 लाख आहे. म्हणजे खुल्या गटातला, कारखान्यात नसलेला, धडधाकट पुरुष असेल, तर त्याला उत्पन्न दाखवावं लागतं. दाखवायचं कसं, तेही कायद्यातच आहे. कलम 13 म्हणतं, अर्जदाराचं उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येईल. त्यावर अविश्वास ठेवायला प्राधिकरणाकडे कारण असेल तर गोष्ट वेगळी. तहसीलदारांचा दाखला हाताशी असेल तर जरूर जोडा, काम सोपं होतं. पण दाखला निघेपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. आणि प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प पेपर विकत घ्यायची घाईही नको. न्यायालयांत आणि सरकारी कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा आधी कार्यालयात विचारून घ्या.

अट आणखी एकच. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असावं. शेजाऱ्याला नुसता त्रास द्यायला दावा लावायचा असेल, तर वकील मिळणार नाही.

अर्ज कुठे द्यायचा?

ज्या कोर्टात प्रकरण चालू आहे किंवा चालणार आहे, त्याच कोर्टाच्या आवारात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते, तिथले वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. अध्यक्ष प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश असले, तरी रोजचं काम सचिव बघतात आणि तेही न्यायाधीशच असतात. उच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालय विधी सेवा समिती, सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणांसाठी सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती. गोव्याचं राज्य प्राधिकरण वेगळं आहे आणि उत्तर व दक्षिण गोव्याला आपापलं जिल्हा प्राधिकरण.

कुठे जायचं हेच कळत नसेल, तर 15100 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फिरवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तिथे मिळालेला क्रमांक जपून ठेवा, पुढे अर्जाची स्थिती त्याच्यावरच कळते. तरीही माझं मत विचाराल तर जमत असेल त्याने कार्यालयात स्वतः जावं. तिथे पुढच्या टेबलावर वकील किंवा विधी स्वयंसेवक बसलेला असतो आणि बहुतेकांना खरी गरज अर्जाआधीच्या पंधरा मिनिटांच्या सल्ल्याचीच असते. नुसता सल्ला हवा असला तरी तो मोफतच आहे.

अर्जात काय लिहायचं?

छापील नमुना कार्यालयात मिळतो. तो मराठीत भरला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, स्वयंसेवकाने किंवा तिथल्या अधिकाऱ्याने ते लिहून घ्यायचं असतं. नाव, पत्ता, कोणत्या गटातून पात्र आहात, प्रकरण कशाचं आहे आणि मदत कोणती हवी, एवढेच मुद्दे. लोक अडखळतात ते प्रकरणाच्या रकान्यात. तिथे सगळी कर्मकहाणी मांडली जाते आणि नेमकी कामाची तारीख राहून जाते. साधारण असं लिहिलं तरी भागतं:

‘माझं लग्न 2016 साली झालं. एक मुलगी आहे, वय 7. पती दोन वर्षांपासून वेगळे राहतात आणि खर्चाला पैसे देत नाहीत. मला माझ्यासाठी आणि मुलीसाठी पोटगीचा अर्ज दाखल करायचा आहे. त्यासाठी वकील मिळावा, ही विनंती. मी स्त्री असल्याने कलम 12 (क) प्रमाणे पात्र आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. कलमाचा उल्लेख दिसला की पलीकडून उत्पन्नाचा प्रश्न सहसा येत नाही.

कागद कोणते?

ओळख आणि पत्त्यासाठी आधार किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन फोटो. ज्या गटातून अर्ज करता त्याचा पुरावा, म्हणजे जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, कामगार असल्याचं कारखान्याचं ओळखपत्र किंवा वर सांगितलेलं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र. तुरुंगातल्या माणसाला यातलं काही जमवत बसावं लागत नाही. त्याचा अर्ज तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रातून किंवा तुरुंग अधिकाऱ्यामार्फत जातो.

खरे महत्त्वाचे कागद प्रकरणाचे. आलेली नोटीस किंवा समन्स, दाव्याची प्रत, एफआयआर, आधीचा निकाल, सातबारा, लग्नपत्रिका, जे असेल ते. समन्स ज्या पाकिटातून आलं ते पाकीटसुद्धा फेकू नका, कारण समन्स हातात कधी पडलं हे त्याच्यावरून सांगता येतं. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कोर्ट कारणं नोंदवून ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मोफत वकिलासाठी अर्ज केला म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. वकील मिळायच्या आत तारीख आलीच, तर स्वतः हजर राहा, अर्जाची पोच दाखवा आणि मुदत मागा. गैरहजर राहिलात तर प्रकरण एकतर्फी चालतं आणि तो आदेश रद्द करून घ्यायला पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो.

त्यानंतर काय होतं?

अर्जावर शक्यतो लगेच आणि जास्तीत जास्त 7 दिवसांत निर्णय व्हायला हवा, असं नालसाच्या 2010 च्या विनियमांत आहे. मंजूर झाला की पॅनलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाची नेमणूक होते आणि पत्र मिळतं. पॅनलवरचा अमुकच वकील हवा असं तुम्ही सुचवू शकता. ते मान्य करायचं की नाही हे प्राधिकरण ठरवतं. फौजदारी प्रकरणात बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ आरोपींच्या बचावाचंच काम करतात, बाहेरच्या खासगी केसेस घेत नाहीत.

वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, निकालाच्या प्रमाणित प्रती, अपिलाच्या कागदांची छपाई आणि भाषांतर हेही या सेवेत येतं. वकिलाला प्राधिकरण पैसे देतं. त्याने तुमच्याकडे एक रुपयाही मागायचा नाही, ‘झेरॉक्सला द्या’ म्हणूनसुद्धा नाही. मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील तारखेला येत नसेल, फोन उचलत नसेल, तर कारण लिहून तो बदलून मागता येतो. मोफत वकील म्हणजे बिनकामाचा वकील, असं म्हणणारे भेटतील. पॅनलवर मन लावून काम करणारे आहेत आणि टाळाटाळ करणारेही आहेत, जसे बाररूममध्ये एरवीही असतात. फरक इतकाच की इथे तक्रारीची दाद एका न्यायाधीशाकडे मागता येते.

पैसा येतो कुठून, असंही लोक विचारतात. केंद्र आणि राज्याच्या अनुदानातून राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर विधी सहाय्य निधी असतात. कायद्याने त्यात देणग्याही घेता येतात. फालतू याचिका करणाऱ्याला उच्च न्यायालय दंड लावतं, तेव्हा ती रक्कम अनेकदा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगतात. उपकार म्हणून मात्र हे घेऊ नका. राज्यघटनेत अनुच्छेद 39 अ 1976 सालीच आला आणि होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत आणि गरज असेल तर वकील मोफत मिळायला हवा, असं सांगितलं. पत्रकार शीला बारसे यांच्या 1983 च्या प्रकरणात मुंबईतल्या कोठड्यांचा प्रश्न होता. कोणाला अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावं, हा आदेश त्यातलाच. घरचं कोणी अटकेत असेल तर ठाण्यात हेच विचारा: विधी सेवा प्राधिकरणाला कळवलंत का?

वाद अजून कोर्टात गेलाच नसेल, तर तो दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगता येतं. तिथे तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक होतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी रक्कम, हप्ते आणि तारखा मोठ्याने वाचून घ्या. विधी महाविद्यालयांतही विधी सहाय्य केंद्रं असतात. विद्यार्थी कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाहीत, पण अर्ज लिहून द्यायला आणि कागद लावून द्यायला त्यांची चांगली मदत होते.

अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी मागा. त्यावर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे, किंवा राज्य प्राधिकरण असेल तर कार्याध्यक्षांकडे, अपील करता येतं आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. मंजूर झालेली सेवाही मधेच बंद होऊ शकते: खोटी माहिती दिली, वकिलाला सहकार्य केलं नाही किंवा मधल्या मधे दुसरा खासगी वकील लावला, तर. पण त्याआधी तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तेव्हा अर्जावर दिलेला पत्ता आणि मोबाइल नंबर बदलला की कार्यालयात तेवढा कळवा.