प्रियांशु राजावत: धार, ग्वाल्हेर आणि 52 आठवड्यांचं गणित

धार इंदूरपासून साधारण साठ किलोमीटरवर. पवारांच्या या जुन्या राजधानीत 2002 साली बॅडमिंटनपटू प्रियांशु राजावतचा जन्म झाला. थोरल्या भावाच्या मागोमाग तो कोर्टवर गेला, लहानपणीच ग्वाल्हेरच्या गोपीचंद अकादमीत दाखल झाला आणि तिथून हैदराबादला. 2022 मध्ये बँकॉकला भारताने इंडोनेशियाला 3-0 हरवून थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, पहिल्यांदा जिंकला, त्या संघात तो होता. कॅनडाविरुद्धच्या गटातल्या लढतीत त्याने एकेरीचा सामना जिंकलाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली मुलं आज अकादमीची वाट धरतात, तेव्हा त्यांच्या पालकांना अकादमीनंतरचं गणितही माहीत हवं.

आधी फुलाबद्दल, म्हणजे शटलबद्दल. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीत पहाटे हाडं गोठतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पिसांचं शटल लांब जातं. थंडीत तेच अलीकडे पडतं. डब्याच्या झाकणावर 75 ते 79 असा वेगाचा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकं शटल वेगवान. उन्हाळ्यात 75-76 आणि थंडीत 77-78 घ्यावं. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा तिथे आणखी एखादा आकडा खाली उतरावं लागतं. तपासायची रीत सोपी आहे: मागच्या रेषेवर उभं राहून बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीचा फटका मारायचा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या आत 530 ते 990 मिलिमीटरच्या पट्ट्यात पडलं तर ठीक. मे महिन्यात 77 चं शटल वापरलं की प्रत्येक क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत मारलेला उंच फटका, बाहेर जातो. मग मूल आपोआप हात आखडून खेळू लागतं, आणि ही सवय मोडायला वर्षं जातात. पैसे वाचवायचे म्हणून कुठलाही डबा उघडू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

आता क्रमवारी. 2018 पासून वर्ल्ड टूर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका सुरू झाली आणि स्पर्धांच्या पायऱ्या ठरल्या. विजेत्याला सुपर 1000 मध्ये 12000 गुण, 750 मध्ये 11000, 500 मध्ये 9200, 300 मध्ये 7000 आणि सुपर 100 मध्ये 5500. खाली इंटरनॅशनल चॅलेंजला 4000. मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. क्रमवारी कमी असेल तर मुख्य फेरीत थेट जागा मिळत नाही. पात्रता फेरीत बहुधा एकाच दिवशी दोन सामने खेळावे लागतात आणि दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी मानांकित खेळाडूसमोर उभं राहावं लागतं. कितीतरी गुणी मुलं इथेच अडकून राहतात.

एप्रिल 2023 मध्ये फ्रान्सच्या ऑर्लेआँ मास्टर्सला उतरताना राजावत जगात 58 वा होता. त्याने अव्वल मानांकित जपानच्या केंता निशिमोतोला 21-8, 21-16 असं सहज हरवलं. अंतिम फेरीत डेन्मार्कच्या मॅग्नस योहानसेनविरुद्ध 21-15, 19-21, 21-16, 68 मिनिटं. दुसरा गेम दोन गुणांनी निसटल्यावर कोवळा खेळाडू बहुधा घाईने स्मॅश मारत सुटतो. तो सुटला नाही. पहिलंच सुपर 300 विजेतेपद आणि क्रमवारीत 38 वा.

पण हे 7000 गुण 52 आठवड्यांनी गळतात. तेवढीच कमाई दुसरीकडून झाली नाही तर खेळात काहीही न बिघडता क्रमवारी घसरते. म्हणून सुपर 500 ची उपांत्य फेरी मोलाची: तिचे 6420 गुण, जवळजवळ सुपर 300 जिंकल्याइतके. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने भारताच्याच किदांबी श्रीकांतला 21-13, 21-8 हरवून ती गाठली आणि तिथे एच. एस. प्रणॉय या दुसऱ्या भारतीयाकडून हरला. जुलै 2024 मध्ये कॅनडा ओपनला डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसेनला 21-11, 17-21, 21-19 असं नमवून पुन्हा गाठली. उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या अलेक्स लानिएने त्याला 17-21, 21-10, 21-19 हरवलं. उपविजेत्याला 7800 मिळतात. तिसऱ्या गेममधल्या त्या दोन गुणांची किंमत क्रमवारीत निदान 1380 गुण होती.