जैवगतिक द्राक्षमळा

जैवगतिक द्राक्षमळा : जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीच्या नियमांनुसार द्राक्षे पिकवून बहुधा त्याच जागी त्यांची वाइन करणारा मळा. रासायनिक खते, कृत्रिम कीडनाशके आणि तणनाशके येथे वर्ज्य असतात. एवढ्यापुरते त्याचे सेंद्रिय मळ्याशी साम्य आहे. त्यापुढे जाऊन शेण, गारगोटी व औषधी वनस्पतींचे ठरावीक कल्प (विशिष्ट कृतीने केलेली मिश्रणे) वापरणे बंधनकारक असते. मळा, गोठा, कुरण आणि बांधावरची झाडी मिळून एकच सजीव घटक होतो, असे मानून खतही शक्यतो आवारातच तयार केले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः थंड हवामानाच्या प्रदेशांतील, एका कुटुंबाने चालवलेल्या लहान मळ्यांचा विचार केला आहे, कारण या पद्धतीची खरी कसोटी तेथेच लागते.

उगम : ७ ते १६ जून १९२४ या काळात गूढवादी विचारवंत रुडॉल्फ श्टायनर (१८६१–१९२५) यांनी कोबेरवित्झ येथे (तेव्हा जर्मनीत, आता पोलंडमध्ये) काउंट कार्ल फोन कायझरलिंक यांच्या जहागिरीवर शेतीविषयी आठ व्याख्याने दिली. जमिनीचा कस, बियाण्याची उगवण आणि जनावरांची प्रकृती खालावत चालल्याची तक्रार घेऊन आलेले जमीनदार व शेतकरी हा त्यांचा श्रोतृवर्ग होता. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ३० मार्च १९२५ रोजी, श्टायनर यांचे निधन झाले. त्यामुळे आज जी पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते तिच्यातला त्यांचा वाटा किती आणि अनुयायांचा किती, याविषयी मतभेद आहेत. शिंगात शेण भरून पुरण्याची आणि तासभर पाणी ढवळण्याची कृती व्याख्यानांतच आहे. मात्र हेक्टरी प्रमाणे, कल्पांना दिलेले ५०० पासूनचे क्रमांक आणि प्रमाणपत्राचे नियम हे नंतरचे काम असून त्यात श्टायनर यांचे अनुयायी एरेनफ्रीड फायफर (१८९९–१९६१) यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. पहिली शिंगे व्याख्यानांच्या आधीच, बहुधा १९२३ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथे पुरली गेली असे फायफर सांगत. हे कथन बऱ्याच वर्षांनंतरच्या आठवणींवर आधारलेले असल्याने वर्ष काटेकोर धरू नये. 'डेमेटर' ही प्रमाणमुद्रा १९२८ मध्ये नोंदवली गेली. ती आजही या पद्धतीची सर्वांत परिचित मुद्रा आहे.

ही पद्धत मुळात भारतीय कृषिपरंपरेतून उचलली गेली, असे विधान मराठी शेतीविषयक लेखनात अधूनमधून आढळते. गाईचे शिंग, शेण आणि चंद्राची गती यांमुळे तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी त्याला समकालीन लेखी आधार नाही. श्टायनर यांची विचारसृष्टी मध्य युरोपातील गूढवादाची असून थिऑसफी या अध्यात्मवादी चळवळीमार्गे तिच्यात काही भारतीय कल्पना शिरल्या, इतकेच म्हणता येईल. दुसरा घोटाळा सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते, ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबाबत होतो. इंदूरची कृषिसंशोधन संस्था १९२४ मध्येच सुरू झाली आणि तेथे हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. वर्ष एकच असल्याने दोन्ही प्रवाह एकत्र सांगितले जातात. प्रत्यक्षात हॉवर्ड यांची पद्धत भारतीय शेतकऱ्यांचे निरीक्षण व मोजमाप यांवर उभी होती आणि श्टायनर यांच्या अनुयायांचे म्हणणे आपल्याला पटलेले नाही, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. सेंद्रिय आणि जैवगतिक या दोन वाटा सुरुवातीपासून वेगळ्या होत्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्याख्यानांतील एकही व्याख्यान द्राक्षवेलीला वाहिलेले नव्हते. मद्य हे आध्यात्मिक उन्नतीतला अडथळा आहे, अशीच श्टायनर यांची धारणा होती. ही पद्धत द्राक्षमळ्यात शिरायला त्यामुळे बराच काळ लागला. पहिला मळा कोणता, हा प्रश्न अनिर्णित आहे. फ्रान्समधील तुरेन भागात फ्रान्स्वा बुशे यांनी १९६२ पासून ही पद्धत वापरली, असे सांगितले जाते. आल्सासमधील बेर्गोल्त्झ येथे यूजीन मेयर १९६९ पासून, तर ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या माउटर्न येथील निकोलायहोफ हा कौटुंबिक मळा १९७१ पासून या मार्गावर आहे. लोकप्रिय लेखनात हा मान लवार नदीकाठच्या साव्हेनिएर येथील निकोला जोली यांना दिला जातो. त्यांचा कुले द सेराँ हा सुमारे ७ हेक्टरांचा मळा १९८० च्या दशकात या पद्धतीकडे वळला. जोली यांनी तिचा प्रसार जगभर केला, पण आरंभ त्यांच्यापासून धरता येत नाही. सुरुवातीचा टप्पा १९६० च्या दशकाची अखेर ते १९७१ असा ढोबळमानाने मानणे सुरक्षित आहे.

कल्प : क्रमांक ५०० म्हणजे शिंगखत. व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजे शेण ठासून ती शिंगे शरद ऋतूत पुरतात आणि वसंतात उकरतात. तोवर आतले शेण काळसर व भुसभुशीत झालेले असते आणि त्याला शेणाचा नव्हे, तर ओल्या रानमातीचा वास येतो. हेक्टरी साधारण १०० ग्रॅम शिंगखत ३० ते ४० लिटर कोमट पाण्यात सोडून तासभर ढवळतात. काठी प्रथम पिंपाच्या कडेकडेने फिरवत वेग वाढवत नेतात. मध्ये खोल भोवरा पडून तो तळाशी पोचला, की एकदम उलट दिशेने ढवळू लागतात. पाणी खळबळते, फेसाळते, आणि त्या खळबळीतून विरुद्ध दिशेचा नवा भोवरा धरू लागतो. हे तासभर सलग चालते. नंतर दिवस कलताना ते पाणी जाड थेंबांनी जमिनीवर शिंपडतात. क्रमांक ५०१ ची कृती ऋतूच्या दृष्टीने याच्या उलट आहे. गारगोटीची पिठासारखी पूड शिंगात भरून उन्हाळाभर पुरतात आणि हेक्टरी अवघे ४ ग्रॅमच्या आसपास घेऊन सकाळच्या वेळी पानांवर बारीक तुषार मारतात.

५०२ ते ५०७ हे कंपोस्टात घालायचे कल्प यारो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन या वनस्पतींचे असतात. त्यांपैकी काही प्राण्यांच्या अवयवांत भरून मुरवतात. यारोसाठी नर हरणाचे मूत्राशय सांगितले आहे. भारतात हरणांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने हा घटक येथे मिळवता येत नाही. ५०८ हा हॉर्सटेल या वनस्पतीचा काढा असून तो बुरशीच्या प्रतिबंधासाठी वापरतात.

दिनदर्शिका : कामांचे दिवस ठरवण्यासाठी बहुतेक मळे मारिया थुन (१९२२–२०१२) यांची दिनदर्शिका पाहतात. चंद्र पृथ्वीतत्त्वाच्या राशीत (वृषभ, कन्या, मकर) असता मूळदिन, जलतत्त्वाच्या राशीत पर्णदिन, वायुतत्त्वाच्या राशीत पुष्पदिन आणि अग्नितत्त्वाच्या राशीत (मेष, सिंह, धनु) फलदिन, अशी ही मांडणी आहे. द्राक्षांची तोडणी शक्यतो फलदिनी करतात. पंचांग वाचणाऱ्या मराठी वाचकाला तत्त्वांची ही विभागणी ओळखीची वाटेल, पण फरक नीट ध्यानात घ्यावा. थुन यांची गणना पाश्चात्त्य फलज्योतिषाप्रमाणे सायन (वसंतसंपातापासून मोजलेली) नसून आकाशातील प्रत्यक्ष तारकासमूहांवर आधारलेली आहे. त्या अर्थाने ती आपल्या निरयन (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजणाऱ्या) पद्धतीजवळ येते. मात्र निरयन राशी ३० अंशांच्या समान भागांच्या असतात, तर थुन यांचे तारकासमूह लहानमोठे आहेत. कन्येला त्यामुळे जास्त वेळ मिळतो आणि कर्केला कमी. या दिनदर्शिकेतील 'चढता' व 'उतरता' चंद्र म्हणजेही शुक्ल व कृष्ण पक्ष नव्हेत. चंद्र रोज किती उंचीवरून जातो याचे ते सुमारे २७.३ दिवसांचे चक्र आहे, तर पक्षांचे चक्र सुमारे २९.५ दिवसांचे असते. भाषांतरित लेखांत या दोहोंची सर्रास गल्लत होते. मृग, आर्द्रा ही आपल्या शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे तर सूर्याची आहेत. त्यांचा येथे काहीच संबंध नाही.

थंड हवामान : द्राक्षशास्त्रात वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस असलेल्या प्रदेशाला थंड म्हणतात. मोझेल, शाम्पेन, टास्मानिया आणि न्यूझीलंडमधील सेंट्रल ओटागो ही परिचित उदाहरणे आहेत. आल्सास व लवार काठ या मर्यादेच्या सीमेवर येतात. मुंबईत जानेवारीचे सरासरी तापमानही २४ अंशांच्या आसपास असते, यावरून अंतराची कल्पना यावी. अशा प्रदेशात रिस्लिंग, पिनो न्वार, शार्दोने या जातींचे घड सावकाश पिकतात आणि त्यांतली आम्लता टिकून राहते. वाइनचा ताजेपणा तिच्यावरच अवलंबून असतो.

त्याची किंमत ओलाव्याच्या रूपाने मोजावी लागते. नाशिकचा बागायतदार ज्यांना केवडा आणि भुरी म्हणतो, तेच दोन रोग येथेही मुख्य शत्रू आहेत. कृत्रिम बुरशीनाशके वर्ज्य असल्याने गंधक आणि तांबे यांवरच भिस्त राहते. १८८५ मध्ये मियार्दे यांनी प्रसिद्ध केलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण जैवगतिक मळ्यातही चालते. म्हणून 'बायोडायनॅमिक म्हणजे बिनफवारणीचे' हा समज चुकीचा आहे. तांबे जमिनीत साठत जाते आणि गांडुळांना बाधते. यासाठी युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅमची मर्यादा घातली असून डेमेटरची मर्यादा वर्षाला ३ किलोग्रॅम आहे. पावसाळी वर्षात ही मर्यादा पाळून पीक वाचवायचे, तर मळेवाल्याला दर पावसानंतर ओळीओळीतून फिरून पाने उलटून पाहावी लागतात. कोंब फुटल्यावर पडणारे हिमतुषार हे दुसरे संकट होय. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील अनेक भागांत त्याने मोठी हानी केली.

नियम आणि तत्त्व यांचा संघर्षही झाला आहे. २०१३ मध्ये बर्गंडीतील कोत-दॉर जिल्ह्यात वेलींच्या एका संसर्गजन्य रोगाचा वाहक असलेल्या तुडतुड्यांविरुद्ध कीटकनाशक फवारण्याचा सरकारी आदेश निघाला. एमान्युएल जिबुलो या जैवगतिक मळेवाल्यांनी तो पाळण्यास नकार दिला. एप्रिल २०१४ मध्ये त्यांना १,००० युरो दंड झाला (त्यातला निम्मा स्थगित), आणि डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले.

परिणामकारकता : स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून जैवगतिक, सेंद्रिय आणि प्रचलित (रासायनिक) शेतीची तुलना चालू आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१ वर्षांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या दोन पद्धतींत उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी घटले, पण जमिनीतील सूक्ष्मजीवांची स्थिती सुधारली. हे प्रयोग द्राक्षांवरचे नाहीत. द्राक्षांपुरता महत्त्वाचा प्रयोग जर्मनीतील गायझेनहाइम येथील रिस्लिंगवरचा आहे. तेथे सेंद्रिय व जैवगतिक वेलींची वाढ आणि उत्पन्न कमी भरले, पण फळाच्या प्रतीत लक्षणीय फरक दिसला नाही. कॅलिफोर्नियातील युकाया येथील मेर्लो जातीच्या द्राक्षांच्या मळ्यातही सेंद्रियच्या तुलनेत कल्पांमुळे जमिनीत फरक पडल्याचे आढळले नाही (२००५). फलदिनी वाइन अधिक चांगली लागते या समजुतीची चाचणी न्यूझीलंडमध्ये १९ व्यावसायिकांना पिनो न्वारच्या १२ वाइन चाखायला देऊन घेतली गेली. तिला आधार मिळाला नाही (२०१७).

तरीही अशा अनेक लहान मळ्यांच्या वाइनची प्रत उत्तम असते, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही. मग श्रेय कशाचे? पाच-दहा हेक्टरांत घरचीच माणसे वर्षभर राबतात, वेलींवर घड मर्यादित ठेवतात, तोडणी हाताने करतात आणि रोगाची पहिली खूण त्यांच्याच नजरेला पडते. उपलब्ध पुरावा पाहता शिंगखतापेक्षा या सततच्या राबत्याला अधिक श्रेय द्यावे लागते. पद्धतीचे समर्थक मात्र हा राबता कल्पांच्या शिस्तीतूनच येतो असे म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पिंपाशी तासभर उभा राहणारा माणूस त्या दिवशी मळ्यात असतोच.

महाराष्ट्र व मुंबई : भारतात ही शेती न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांनी १९९३ पासून केलेल्या प्रसारामुळे पसरली. भारतात शिंगे साधारण नवरात्राच्या सुमारास पुरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात थंड प्रदेशाचे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. येथे वेल हिवाळ्यात झोपी जात नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात, आणि युरोपात वेल निष्पर्ण असते तेव्हा येथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते.

मुंबईचा या विषयाशी संबंध मुख्यतः ग्राहक आणि आयातीचे बंदर म्हणून येतो. घरगुती वाइन येथे नवी नाही. वांद्रे, वसई भागांतील ईस्ट इंडियन आणि अन्य मराठीभाषक ख्रिस्ती कुटुंबांत नाताळसाठी काळ्या द्राक्षांची वाइन घरी घालण्याची चाल आहे. तिचा जैवगतिक पद्धतीशी संबंध नाही. आयात बाटलीवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियातून (म्हणजे टास्मानियातूनही) येणाऱ्या, ५ डॉलरांपेक्षा अधिक आयातमूल्याच्या बाटल्यांवर ते घटले. राज्यातील द्राक्षांच्या वाइनला २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने सवलती दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवण्यास मान्यता देणारा निर्णय घेतला, त्याला राज्यभर विरोध झाला.

बाटली घेणाऱ्याने चिठ्ठीवर डेमेटर किंवा बायोडिव्हिन (स्थापना १९९६) यांची मुद्रा पाहावी. मुद्रेवाचून नुसता 'बायोडायनॅमिक' हा शब्द फारसे काही सांगत नाही. अशा वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवणारा पदार्थ) बहुधा कमी घातलेले असते, त्यामुळे मुंबईच्या उष्ण, दमट हवेत ती कपाटात उभी ठेवल्यास इतर वाइनपेक्षा लवकर बिघडू शकते. दुकानात ती थंड खोलीत ठेवली होती का, हे घेण्यापूर्वी विचारावे.