जेरुसलेमची कबर आणि चुन्यातली वाळू

ईस्टर जवळ आला की 'येशूची कबर खरी, विज्ञानाने सिद्ध केलं' असा फॉरवर्ड हमखास येतो. विज्ञानाने सांगितलंय ते एवढंच, की चुना कधी कालवला.

जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चमधली ती कबर ऑक्टोबर २०१६ मध्ये जेमतेम ६० तास उघडी होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात बांधलेलं हे चर्च १००९ मध्ये इजिप्तच्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याच्या हुकमाने पाडलं गेलं. मग आत जुनं काही उरलंय का? अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या चमूने खडक आणि संगमरवरी फरशी यांच्यामधला, आपले गवंडी ज्याला 'माल' म्हणतात तो, खरवडून घेतला.

मालात वाळू असते आणि वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण. आजूबाजूच्या दगडांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम किंचित असतंच. त्यांच्या किरणोत्साराने क्वार्ट्झमधले इलेक्ट्रॉन जागचे उडतात आणि स्फटिकातल्या खळग्यांत अडकून बसतात. ऊन लागलं की सुटतात, खळगे रिकामे. गवंड्याने उन्हातली वाळू चुन्यात कालवून फरशीखाली थापली, की अंधारात हिशोब शून्यापासून सुरू! प्रयोगशाळेत मिणमिणत्या तांबड्या उजेडात ते कण वेगळे काढतात, त्यांवर निळा किंवा हिरवा प्रकाश टाकतात. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण क्षणभर उजळतो. त्या उजेडावरून साठलेली मात्रा कळते. समजा ती ५ ग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) निघाली आणि दरवर्षी ३ मिलिग्रे जमा होत असेल, तर भागाकार सुमारे १,६६७ वर्षं. (उथळ खळगे नुसत्या उष्णतेनेही गळतात, म्हणून कण आधी तापवून ते रिकामे करतात. मालातला ओलावा किरणोत्सार शोषतो, म्हणून वार्षिक दर दुरुस्त करावा लागतो. खरी डोकेदुखी तीच.)

उत्तर आलं सन ३४५ च्या आसपास. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या बांधकामाचा अवशेष टिकलाय. आत कोणाला ठेवलं होतं, ते क्वार्ट्झला माहीत नाही.

मुसलमानांना त्या कबरीचं महत्त्वही तसं नाही, कारण कुराणानुसार ईसा, म्हणजे येशू, सुळावर गेलेच नाहीत. जेरुसलेम मात्र त्यांचा पहिला किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. ६२४ मध्ये तो मक्केकडे वळला. चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर खलिफा अब्द अल-मलिकने ६९१-९२ मध्ये डोम ऑफ द रॉक उभारला. त्याच्या आतल्या लेखात ईसांना प्रेषित म्हटलंय आणि 'तीन म्हणू नका' असं बजावलंय, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक देव मानू नका. शेजारच्या ख्रिस्ती प्रजेला ऐकवलेलंच ते!

तरी चर्चची किल्ली शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. ख्रिस्ती पंथांचं आपसांत इतकं फाटलेलं, की १९४७ मध्ये इंग्रजांनी कबरीवरच्या छोट्या वास्तूला दिलेला लोखंडी टेकू सत्तर वर्षं तसाच राहिला. चुन्याचा नमुना मिळाला तोही ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन यांचं दुरुस्तीवर एकदाचं जमलं म्हणून.