ला ग्राव्ह

ला ग्राव्ह हे फ्रान्सच्या आल्प्समधील, रोमांश नदीच्या खोऱ्यात सुमारे १,४५० मीटर उंचीवर वसलेले जेमतेम पाचशे वस्तीचे गाव असून, ला मेज (३,९८३ मी.) या शिखराच्या उत्तर अंगावरील स्की क्षेत्रामुळे ते निष्णात स्कीपटू आणि स्नोबोर्डपटूंमध्ये प्रसिद्ध आहे. मुळात हे गिर्यारोहकांचे गाव. ला मेज हे आल्प्समधील सर्वांत उशिरा सर झालेल्या मोठ्या शिखरांपैकी एक असून, १८७७ मध्ये त्यावर पहिली यशस्वी चढाई करणाऱ्यांत पिएर गास्पार हा स्थानिक वाटाड्या होता.

१९७० च्या दशकात येथे रोपवे उभारण्यात आला. त्याचे पाळणे एकेकटे न जाता पाच-सहांच्या घोसाने जातात आणि एखादा घोस स्थानकात शिरला की संपूर्ण मार्गाची गती मंदावते. त्यामुळे ३,२०० मीटरवरील स्थानक गाठायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. तेथून गावापर्यंतची उतरण सुमारे १,७५० मीटरची, म्हणजे कळसूबाईच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षाही जास्त आहे.

इतर स्की केंद्रांत यंत्राने बर्फ दाबून उतार सपाट करतात, वाटांना सोप्या-अवघड श्रेणी देतात आणि धोक्याचे बर्फ स्फोटकांनी आधीच पाडतात. येथे मुख्य उतारांवर यांपैकी काहीही होत नाही. वालों आणि शांसेल या नेहमीच्या दोन वाटासुद्धा केवळ वहिवाटीने ठरलेल्या आहेत. त्यांच्या आजूबाजूला हिमनदीतील भेगा, अचानक तुटणारे कडे आणि सह्याद्रीतील भटके ज्यांना नाळ म्हणतात तशा, पण बर्फाने भरलेल्या, अरुंद घळी आहेत. काही घळींत दोराने उतरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणूनच नवख्या माणसाने, तो कितीही तरबेज असला तरी, स्थानिक वाटाड्या घ्यावा असा येथील रिवाज आहे.

कमरेला हार्नेस (दोर अडकवण्याचा पट्टा), पाठीवर दोर, फावडे आणि घडीची लांब सळई, तर अंगावर बीकन (रेडिओ संदेश देणारे-घेणारे छोटे यंत्र) हा येथील नित्याचा सरंजाम होय. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेव्हा बीकनच्या संदेशावरून जागा शोधणे, सळईने बर्फ चाचपणे आणि उकरणे ही कामे सोबत्यांनाच करावी लागतात. फावडे वाहायचे ते खरे तर दुसऱ्यासाठी. एक्स्ट्रीम स्कीइंगमधील, म्हणजे अतितीव्र व धोकादायक उतारांवरील स्कीइंगमधील, माजी जगज्जेता आणि येथे वाटाड्या म्हणून काम करणारा अमेरिकी डग कूम्ब्स २००६ मध्ये अशाच एका घळीत, कोसळलेल्या सोबत्याच्या मदतीला जाताना, मृत्युमुखी पडला.

रोपवेचा तिसरा टप्पा जिरोज हिमनदीवर सुमारे ३,६०० मीटरपर्यंत नेण्याच्या योजनेवरून गावात तट पडले आहेत. हिमनदी आटत असताना नव्या खांबांवर खर्च कशाला, असे विरोधक विचारतात, तर रोपवेविना गावाचा हिवाळी रोजगार बुडेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही पर्यावरणवाद्यांनी थेट हिमनदीपाशी तंबू ठोकून हे काम रोखून धरले होते.