अंधारीचा दिवा: फक्त डीएमनी वाचायचं पत्रक

अंधारीचा दिवा ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी आम्ही बनवलेली शापित वस्तू. हे पत्रक आम्ही दिव्याच्या खोक्यात ठेवत नाही. ऑर्डर आली की ते वेगळं, पार्सलच्या आधी पाठवतो. तुम्ही डंजन मास्टर (डीएम), म्हणजे गोष्ट चालवणारे, म्हणून बसणार असाल तरच पुढे वाचा. कॅरेक्टर घेऊन खेळणार असाल तर कृपया इथेच थांबा आणि ज्यांनी दिवा मागवला त्यांच्या हाती हा कागद द्या.

खोक्यात तीन गोष्टी आहेत: दिवा, खेळाडूचं कार्ड आणि लाखेने बंद केलेलं पाकीट, ज्यात दिव्याचा शाप लिहिलाय. सगळ्यात जास्त फोन कार्डाबद्दल येतात. "दादा, कार्डावर शाप छापायचा राहिलाय. आमच्या विझार्डने आयडेंटिफाय टाकला तरी काही निघालं नाही." (विझार्ड म्हणजे जादूगार कॅरेक्टर, आयडेंटिफाय म्हणजे वस्तूचे गुण ओळखायचा त्याचा मंत्र.) छापायचा राहिलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांतच म्हटलंय की वस्तू ओळखायच्या बहुतेक उपायांना, आयडेंटिफाय मंत्रालासुद्धा, शाप सापडत नाही. त्यामुळे तुमच्या विझार्डला दिव्याचे गुण सांगा, सगळे खरे सांगा आणि तिथेच थांबा. त्याला फसवल्यासारखं वाटून घेऊ नका, मंत्राची मर्यादाच तेवढी आहे.

गुण खरेच चांगले आहेत. दिवसातून एकदा दिवा पेटवला की तीस फुटांतले सगळे चोरदरवाजे आणि सापळे दिसतात, फासा टाकावा लागत नाही. त्यासाठी आधी अट्यून व्हावं लागतं, म्हणजे दिव्याशी जोडलं जावं लागतं: एक शॉर्ट रेस्ट (खेळातली छोटी विश्रांती), निदान तासभर, दिवा जवळ घेऊन बसायचं. त्या तासात खेळाडूने कार्डावरच्या सात रिकाम्या ओळी भरायच्या. वर प्रश्न छापलाय: "अंधारात तुझ्यासोबत कोण कोण चालत आलं?"

ही सात नावं म्हणजे या वस्तूचा जीव. पाकिटात लिहिलंय ते असं: दिवा पेटला की दर वेळी एक नाव खोडलं जातं, खालून वर. ज्याचं नाव गेलं त्याला तुमचं कॅरेक्टर ओळखत नाही. समोरच्याला मात्र सगळं आठवत असतं. बहीण दारात उभी आहे आणि भाऊ तिला "कोण पाहिजे?" विचारतो, असा प्रसंग टेबलावर घडतो तेव्हा सगळे गप्प होतात. आम्ही हा दिवा त्या शांततेसाठी बनवलाय.

आता ज्या चुकीसाठी हा कागद लिहावा लागला ती चूक. पार्सल येतं, सगळे जमलेले असतात, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू करतं आणि उत्साहात लाख फुटते. पाकीट मोठ्याने वाचलं जातं. नावं अजून लिहिलेलीच नसतात. मग खेळाडू काय लिहिणार? एका ग्रुपने आम्हाला त्यांच्या कार्डाचा फोटो पाठवला होता. त्यावर धर्मशाळेचा मालक, जकात नाक्यावरचा शिपाई, घोडा विकणारा, असे सात जण होते. त्यांना विसरून कुणाचं काय जाणार? शाप तिथेच संपला, हातात उरला तो सापळे दाखवणारा फुकटचा दिवा.

त्यानंतर फोन येतो, "दुसरं पाकीट पाठवा." तेच पाकीट पुन्हा पाठवून उपयोग नाही, कारण ग्रुपला आता सगळं ठाऊक आहे. नवीन शाप लिहायचा तर तुमची मोहीम कुठवर आली, कोणाचं कोणाशी नातं आहे, हे विचारून बसावं लागतं. त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि दुकानात आम्ही दोघंच आहोत. म्हणून लाख फुटलेला दिवा आम्ही परत घेत नाही आणि नव्या शापाचे दीडशे रुपये लावतो. काहींना हे कडक वाटतं. पण टेप लावली असती तर पाकीट उघडून पुन्हा चिकटवता आलं असतं. लाख फुटली की फुटली. तेव्हा पार्सल एकट्याने उघडा. पाकीट आपल्या वहीत ठेवा, सातवं नाव लिहून होईपर्यंत हात लावू नका.

"एवढा जाच कशाला, साधी वजा एकची तलवार द्या की," असंही काही जण म्हणतात, म्हणजे फाशातून एक कमी करणारी. तलवार वाईट निघाली की खेळाडू ती टाकायच्याच मागे लागतो, तिच्याशी त्याचं काही जडत नाही. नियमांतली शापित बर्सर्कर कुऱ्हाड बघा. हल्ल्याला आणि इजेला अधिक एक, वर प्रत्येक लेव्हलमागे एक हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा) जास्त. ती बाळगणाऱ्याला शत्रूचा वार लागला की विज्डमचा पंधराचा सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो आणि तो हुकला की जवळ असेल त्यावर, मित्रावरही, कुऱ्हाड चालते. तरी ती सोडावीशी वाटत नाही. आमचा दिवा त्याच वाटेवरचा आहे.

रिमूव्ह कर्स या शापावरच्या मंत्राने अट्यूनमेंट तुटतं आणि दिवा खाली ठेवता येतो, पण नावं परत येत नाहीत. त्यासाठी विसरलेल्या माणसाने कॅरेक्टरचा हात धरून त्याला दिव्याशिवाय पूर्ण काळोखातून पलीकडे न्यायचं. दर माणसाला वेगळी फेरी. हे सुचलं ते देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात. इथून किल्ला जवळ, त्यामुळे शाळेची सहल तिथेच जायची. भुयारात पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, वटवाघळांचा वास आणि पुढच्याचा शर्ट मुठीत. तो शर्ट कुणाचा होता हे मला आजही आठवतं. वस्तूला दिवटी म्हणा, असं पुष्कळांनी सुचवलं. तुळजापूरच्या वाटेवर राहणाऱ्यांच्या घरी दिवटीला मान आहे, तिला शापित म्हणणं आम्हाला जमणार नाही.

एक विनंती मनापासून. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या आजीला किंवा वडिलांना विसरण्याचा आजार असेल तर खेळ सुरू होण्याआधी त्या खेळाडूशी बाजूला बोला. कारण सांगायची गरज नाही, "ओळख हरवण्याचा विषय चालेल का" एवढं विचारलं तरी पुरे. नको म्हणाला तर दिवा लाखेसकट परत पाठवा, आम्ही दुसरी वस्तू देऊ, जाण्यायेण्याचा खर्च आमचा.

दिवा जस्त-तांब्याचा आहे, बिदरी पद्धतीने काळा केलेला आणि चांदीची तार बसवलेला. चिंच, राख, भांड्याची पावडर लावू नका, काळेपणा जाईल. खोबरेल तेलाचं बोट फिरवून मऊ कापडाने पुसा. टेबलावर कागद असतात, म्हणून आत वात न लावता बटणसेलचा छोटा बल्ब ठेवा. तो सोबत दिलाय.

ऑर्डर देताना ग्रुपची लेव्हल कळवा आणि क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं कॅरेक्टर) आहे का तेही. पाचव्या लेव्हलपासून क्लेरिकला रिमूव्ह कर्स घेता येतो, मग दिवा पहिल्याच आठवड्यात सुटू शकतो. तसं असेल तर पाकिटात एक जास्तीची चिठ्ठी टाकतो, तिचे पैसे घेत नाही.