कँप, वॉल्टर चौन्सी

कँप, वॉल्टर चौन्सी : (७ एप्रिल १८५९–१४ मार्च १९२५). अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा आद्य खेळाडू, मार्गदर्शक व नियमकर्ता. जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे. १८७६ मध्ये येल विद्यापीठात दाखल. १८८० मध्ये पदवी मिळाल्यावर तो वैद्यकाकडे वळला. ते शिक्षण अर्धवट राहिले, पण १८८२ पर्यंत तो येलकडून हाफबॅक (मागच्या फळीतील खेळाडू) म्हणून खेळला.

त्या काळचा खेळ रग्बीच्या वळणाचा होता. संघ पंधरांचा असे आणि घोळक्यातून चेंडू कोणाच्या हाती लागेल याचा नेम नसे. १८८० मध्ये कँपच्या सूचनेवरून संघ अकरांचा झाला. चेंडू एकाच बाजूकडे देऊन तो स्क्रिमेजच्या रेषेवरून (दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेवरून) पायाने मागे सरकवण्याची पद्धतही तेव्हाच आली. तो घेणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. ताबा निश्चित झाला, मात्र तो सोडण्याची सक्ती नव्हती. १८८१ च्या येल–प्रिन्स्टन सामन्यात दोन्ही संघांनी एकेक सत्र चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना गुणाविना बरोबरीत सुटला. त्यामुळे १८८२ मध्ये नवा नियम झाला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जावे किंवा दहा यार्ड मागे यावे, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. अंतर कळावे म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर रेषा आखल्या जाऊ लागल्या. पाचाऐवजी दहा यार्ड पुढे जाण्याची अट १९०६ ची, चौथा प्रयत्न १९१२ चा.

१८८८–९२ या काळात येलने ६७ सामने जिंकले व २ गमावले. १८८८ च्या हंगामात तर ६९८ गुण केले आणि एकही दिला नाही. हे यश कँपच्या नावावर मांडले जाते. मात्र तेव्हा संघाची सूत्रे कर्णधाराकडे असत आणि कँप दिवसा न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरी करी. सरावाची टिपणे पत्नी ॲलिस घेई. डावपेच रात्री घरी ठरत. त्यामुळे त्याला पगारी प्रशिक्षकापेक्षा सल्लागार म्हणणेच सयुक्तिक. पुढे १८९२, १८९४ व १८९५ या हंगामांत त्याने स्टॅनफर्डला मार्गदर्शन केले.

‘ऑल-अमेरिका’ संघाच्या, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या कागदोपत्री संघाच्या, कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. पहिली निवड १८८९ मध्ये कॅस्पर व्हिटनी याच्या साप्ताहिकात आली. काही अभ्यासक ती व्हिटनीची मानतात, काही तिच्यामागे कँप असल्याचे सांगतात. छापील पुरावा व्हिटनीकडे झुकतो. तथापि १८९८ पासून ‘कॉलिअर्स’ या नियतकालिकातील वार्षिक याद्यांनी ही प्रथा रुजवली, हे श्रेय निःसंशय कँपचे.

१९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावले. त्यांत कँप होता. पुढच्या वर्षी मान्य झालेल्या फॉरवर्ड पासविषयी (चेंडू हाताने पुढे फेकण्याविषयी) तो फारसा उत्साही नव्हता. पहिल्या महायुद्धात त्याने आखलेले बारा व्यायामप्रकार ‘डेली डझन’ या नावाने लोकप्रिय झाले. नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेला असता तेथेच झोपेत त्याचे निधन झाले.