‘सेन्सॉर्ड इलेव्हन’: १९६८च्या यादीची पार्श्वभूमी

१९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सचे ११ जुने कार्टूनपट दूरचित्रवाणी केंद्रांना पुरवणे बंद केले. या अकरांमध्ये कृष्णवर्णीयांची टवाळी कथेतच इतकी मुरलेली होती, की चार-दोन दृश्ये कापून भागणार नव्हते. पुढे ‘सेन्सॉर्ड इलेव्हन’ या नावाने ती यादी प्रसिद्ध झाली. मात्र हे नाव थोडे फसवे आहे, कारण त्यामागे सरकारी सेन्सॉर नव्हता आणि न्यायालयाचा आदेशही नव्हता. ज्या कंपनीकडे हक्क होते तिने घेतलेला तो धंद्याचा निर्णय होता.

या टवाळीची मुळे चित्रपटाहून जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत. ‘मिन्स्ट्रेल’ नावाच्या या खेळांनी जाड ओठ, गरगरीत डोळे, आळस, जुगार आणि कलिंगडाची हाव असा एक ठरीव साचा रूढ केला. वॉर्नरच्याच १९२७ सालच्या ‘द जाझ सिंगर’ या चित्रपटात गोरा गायक-नट अल जोल्सन काजळी फासून गातो. वॉर्नरच्या पहिल्या कार्टूनपटांचा नायक बॉस्को याची नोंदणी ह्यू हारमन यांनी १९२८मध्ये ‘निग्रो मुलगा’ म्हणूनच केली होती. यादीतील सर्वांत जुना पट १९३१चा असून तो हारमन यांचे सहकारी रुडॉल्फ आयझिंग यांचा आहे. उरलेल्या दहांपैकी चार फ्रिझ फ्रेलेंग, तीन टेक्स एव्हरी, दोन बॉब क्लॅम्पेट आणि एक चक जोन्स यांचा आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने आजही या कलेचा सुवर्णकाळ सांगितला जातो, त्यांचीच ही नावे आहेत, आणि हा प्रश्न अवघड होतो तो त्यामुळेच.

क्लॅम्पेट यांचा १९४३चा ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वार्फ्स’ हा त्याचा सर्वांत बोलका नमुना आहे. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’चे हे जाझच्या तालावरचे विडंबन असून, त्यातील दुष्ट राणीने युद्धकाळात रेशनवर मिळणारी साखर, कॉफी आणि टायर यांची साठेबाजी केलेली असते. जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘जंप फॉर जॉय’ या संगीतिकेवरून ही कल्पना सुचल्याचे क्लॅम्पेट यांनी नंतर सांगितले. नायिकेचा आवाज व्हिव्हियन डँड्रिज या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, तर राणीचा तिच्या आई रूबी यांचा आहे. एवढे असूनही पडद्यावरील चेहरे मिन्स्ट्रेलच्याच साच्यातले आहेत. १९९४ साली अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील जाणकारांच्या मतांवरून निवडलेल्या ५० श्रेष्ठ कार्टूनपटांत याच पटाला २१वे स्थान मिळाले. कलाकारांची नियत चांगली होती, हा त्याच्या बाजूने वारंवार केला जाणारा युक्तिवाद मला अपुरा वाटतो, कारण आक्षेप हेतूवर नव्हता, चेहऱ्यांवर होता.

तो आक्षेपही नंतरच्या पिढीने काढलेला नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने ‘कोल ब्लॅक’चा निषेध १९४३मध्येच केला होता. कार्टूननिर्माते वॉल्टर लँट्झ यांच्या ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’ या १९४१च्या पटाविरुद्ध तिने आवाज उठवल्यावर युनिव्हर्सल या स्टुडिओने १९४९मध्ये तो मागे घेतला. ‘त्या काळी असेच चालत असे’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. ज्यांची चेष्टा होत होती त्यांना ते तेव्हाही चालत नव्हते.

मग १९६८च का? हे पट चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी, प्रौढांसह सर्व प्रेक्षकांसाठी दाखवले जात आणि काही आठवड्यांत विसरले जात. १९५६मध्ये ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स’ने वॉर्नरचे ऑगस्ट १९४८पूर्वीचे रंगीत आणि सुरुवातीचे काही कृष्णधवल कार्टूनपट विकत घेतले, १९५८मध्ये ही कंपनी युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली आणि हा सारा साठा दूरचित्रवाणीवर दररोज, तोही लहान मुलांसमोर येऊ लागला. दरम्यान १९६४चा नागरी हक्क कायदा झाला होता. १९६६मध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने कृष्णवर्णीयांच्या अशाच साचेबद्ध चित्रणाची ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिकाही वितरणातून काढून घेतली होती. शहरोशहरीच्या केंद्रांना आणि त्यांच्या जाहिरातदारांना नको असलेला माल पुरवत राहण्यात वितरकाला काही लाभ उरला नव्हता.

यादीची सीमाही हक्कांच्या कागदपत्रांनीच आखली. वॉर्नरची ‘लूनी ट्यून्स’ या मालिकेतील कृष्णधवल कार्टूने दुसऱ्याच कंपनीला विकली गेली असल्याने त्यांतील तशीच दृश्ये यादीबाहेर राहिली. जपानी माणसांची क्रूर थट्टा करणारा १९४४चा ‘बग्ज बनी निप्स द निप्स’ही यादीत नाही, तो १९९०च्या दशकात लेझरडिस्कवर विक्रीला आला आणि जपानी-अमेरिकनांच्या तक्रारीनंतर मागे घेतला गेला. ‘सर्वांत आक्षेपार्ह अकरा’ म्हणून या यादीकडे पाहणे त्यामुळे चूक ठरते.

इतर स्टुडिओंनी निराळे मार्ग काढले. डिस्नेने १९६९मध्ये ‘फँटेशिया’तून ‘सनफ्लॉवर’ नावाच्या कृष्णवर्णीय दासीची दृश्ये कापली. एमजीएमच्या ‘टॉम अँड जेरी’मधील, चेहरा क्वचितच दिसणारी आणि टॉमला झाडूने बडवणारी कृष्णवर्णीय मोलकरीण कार्टून नेटवर्क १९९५मध्ये भारतात आल्यावर आपल्याकडील मुलांच्याही ओळखीची झाली. अमेरिकेत मात्र १९६०च्या दशकातच काही भागांत तिच्या जागी गोरी बाई रेखाटली गेली होती आणि मूळ आवाजही बदलला गेला होता.

युनायटेड आर्टिस्ट्सकडील हा संग्रह १९८६मध्ये माध्यम-उद्योजक टेड टर्नर यांच्याकडे आणि १९९६मध्ये पुन्हा वॉर्नरच्या छत्राखाली आला, तरी बंदी उठली नाही. २००१मध्ये कार्टून नेटवर्कने बग्ज बनीचे सर्व पट दाखवण्याचे ठरवले, पण वांशिक टवाळीमुळे १२ वगळले. २००५च्या ‘लूनी ट्यून्स’ डीव्हीडी संचात कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी प्रास्ताविकात, असे चित्रण तेव्हाही चूकच होते, पण ते लपवणे म्हणजे पूर्वग्रह अस्तित्वातच नव्हते असे म्हणणे होय, अशी भूमिका मांडली; त्या संचात हे अकरा मात्र नव्हतेच. एप्रिल २०१०मध्ये हॉलीवूडमधील टीसीएम या जुन्या चित्रपटांच्या वाहिनीच्या महोत्सवात, चित्रपट-इतिहासकार डोनाल्ड बोगल यांच्या प्रास्ताविकासह, अकरापैकी आठ पट मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आले. ‘ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू’सारख्या काहींचे स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी संपले असल्याने त्यांच्या फिकट, ओरखडलेल्या प्रती मात्र कोणत्याही प्रास्ताविकाविना स्वस्त व्हिडिओ कॅसेटवर विकल्या जात राहिल्या.